वाळू की बेअर बॉटम? रीफ टँक ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

रीफ टँकच्या (कोरल आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या) तळाला वाळू घालायची की बेअर बॉटम, म्हणजे तळ नुसता काचेचा ठेवायचा? नवीन टँकची चौकशी करायला येणारे हा प्रश्न विचारतातच, पण टँक चालू होऊन वर्ष-दीड वर्ष झालेले ग्राहकही तो पुन्हा विचारतात. मीठ, आरओ पाणी, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र), लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड) हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे असं धरून हे पत्रक लिहिलं आहे.

कोटेशन देण्याआधी आम्ही उलट विचारतो, मासे आणि कोरल कोणते ठेवायचे आहेत? काहींना ही टाळाटाळ वाटते, पण निर्णय खरोखर यावरच होतो. यलो कोरिस रॅस हा मासा रात्री वाळूत शिरून झोपतो आणि घाबरला तरी वाळूतच घुसतो. खाली नुसती काच असेल तर तो त्या काचेवर आपटत राहतो. जॉफिशला बीळ करायला खोल वाळू लागते. पिस्तुल कोळंबी आणि वॉचमन गोबी मासा यांची जोडी तर वाळूशिवाय बघायलाच मिळत नाही: कोळंबी बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो. ट्रॅकिफायलिया किंवा प्लेट कोरलही निसर्गात वाळूवरच बसलेली असतात. यातलं काही मनात असेल तर वाळू घ्या. क्लाउनफिश, टँग, क्रोमिस, कार्डिनल यांना मात्र खाली वाळू असली काय, काच असली काय, सारखंच.

ॲक्रोपोरासारखी एसपीएस (कडक सांगाड्याची, बारीक पॉलिपची) कोरल वाढवायची असतील तर आमचा कल बेअर बॉटमकडे आहे. त्यांना प्रवाह जोरदार लागतो, दर तासाला टँकच्या तीस-चाळीस पट पाणी फिरेल इतका. एवढ्या जोरात बारीक वाळू एका कोपऱ्यात ढीग करून बसते, नाहीतर उडून कोरलवर पडते. उघड्या काचेवर विष्ठा आणि उरलेलं खाणं डोळ्यांना दिसतं आणि सायफनने पाच मिनिटांत निघतं. सुरुवातीचे काही महिने तळ उघडाबोडका दिसतो हे खरं. पुढे त्यावर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळाचा थर चढतो. दगडाखाली आम्ही पांढरी एचडीपीई (जाड प्लास्टिकची) शीट घालतो, म्हणजे दगड घसरला तरी काचेला थेट मार बसत नाही. पण दर आठवड्याला सायफन मारायला वेळ नसेल, तर बेअर बॉटमचा अर्धा फायदा तिथेच गेला.

वाळू घ्यायची तर ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू), एक ते दोन मिलिमीटर दाण्याची. रव्यासारखी बारीक दिसायला सुंदर, पण वेव्हमेकरसमोर (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपासमोर) टिकत नाही. थर एक ते दीड इंच पुरे. चार फूट बाय दीड फूट तळाला एक इंच थरासाठी साधारण वीस किलो लागते. जॉफिश किंवा कोळंबीची जोडी ठेवणार असाल तर थर किती आणि कुठे वाढवायचा ते आम्ही आधी ठरवून देतो. मुद्दाम केलेला चार इंचांच्या वरचा खोल थर हा वेगळा प्रकार. त्यात खाली ऑक्सिजन नसलेल्या भागात नायट्रेट मोडणारे जिवाणू काम करतात, म्हणून तो उकरायचा नसतो. अधलामधला, अडीच-तीन इंची थर सर्वांत वाईट. तो धड साफ करता येत नाही आणि नायट्रेटही भरवशाने कमी करत नाही.

आधी दगड, मग वाळू. दगड वाळूवर रचला आणि गोबीने खालून खणलं की रचना ढासळते. अलिबाग-गणपतीपुळ्याची वाळू आणू नका. ती बहुतांशी सिलिका आणि काळी जड खनिजं असते, व्हिनेगर टाकलं तर फक्त शिंपल्यांचे तुकडे फसफसतात. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं हा तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी व्हिडिओंत वाळू साफ ठेवायला समुद्रकाकडी सुचवतात. तीही आपल्याकडे संरक्षित प्राणी आहे, आमच्याकडे मागू नका.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ते.

चालू टँकमधली जुनी वाळू एका दिवसात काढू नका. सुटीच्या दिवशी कुणीतरी ठरवतं की आता बेअर बॉटम करायचं, आणि मगाने किंवा डस्टपॅनने सगळी वाळू उपसतं. संध्याकाळी आम्हाला फोन येतो, पाणी दुधासारखं झालंय, मासे वर येऊन धापा टाकतायत. होतं असं की वर्षभर साचलेली घाण एकदम पाण्यात सुटते, ती खाणारे जिवाणू भराभर वाढून ऑक्सिजन ओढून घेतात, अमोनिया चढतो, आणि तो पचवणारे बरेच जिवाणू वाळूबरोबर बादलीत गेलेले असतात. खालचा थर काळा पडलेला असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना थेट विषारी.

वाळू काढायचीच असेल तर प्रत्येक वॉटर चेंजला एक पट्टा, जाड नळीने सायफन करून, सकाळच्या वेळी. दोन पट्ट्यांमध्ये किमान आठवडा जाऊ द्या आणि मध्ये अमोनिया तपासा. मोठ्या टँकला यात दोन-तीन महिने जातात. आम्हीही एका फेरीत सगळी वाळू काढत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. फेऱ्यांचे पैसे वाढतात अशी तक्रार येते, पण सगळे मासे आणि कोरल पुन्हा भरण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो.

घर बदलताना हीच चूक दुसऱ्या रूपात होते. टँक रिकामा करून जुनी वाळू ओलीच बादलीत नेतात आणि नव्या घरी परत ओततात. तसं करू नका. लाइव्ह रॉक खाऱ्या पाण्यात बुडवून न्या, वाळू नवी घाला. जुनीच वापरायची असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, पूर्ण वाळवून मग.

आणि गोंधळ झालाच असेल तर: वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, खाणं बंद करा, स्किमर चालू ठेवा, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, आणि आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं खारं पाणी असेल तर लगेच बदला. उरलेली वाळू हलवू नका. मग आम्हाला फोन करा.

आमच्याकडे ॲरागोनाइट धुऊन, वाळवून, किलोवर मिळते. तळ बदलण्याचं काम आम्ही फेऱ्यांच्या हिशेबाने घेतो आणि प्रत्येक फेरीत अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेटची तपासणी त्याच पैशांत करतो. नवीन टँक घेणाऱ्यांनी माशांची यादी घेऊन यावं. ती पाहून वाळू नको असं वाटलं तर आम्ही तसंच सांगू.