खुलासा: नुसती फाईल बदलून बीआयएम मॉडेल नकाशावर बसत नाही

बांधकाम क्षेत्रात बरीच वर्षं एक समज फिरतोय. बीआयएम मॉडेल (बांधकामाचं माहितीसकट थ्रीडी संगणकी मॉडेल) जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत) आणायचं ना? फॉरमॅट बदला, एक कोपरा अक्षांश-रेखांशावर ठेवा, झालं काम! हे चूक आहे, आणि मेट्रो, रस्ते, कालवे अशा लांबलचक कामांत फार महागात पडतं.

मॉडेल सपाट जमीन धरून काढतात. त्यातला १ मीटर म्हणजे साइटवरच्या टेपचा १ मीटर. नकाशात मात्र गोल पृथ्वी सपाट केलेली असते. यूटीएम ही नकाशाची पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडते; महाराष्ट्राचा बराच भाग तिच्या ४३व्या झोनमध्ये येतो. त्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, अहिल्यानगरजवळून जाणारं. तिथे स्केल, म्हणजे नकाशावरच्या आणि खऱ्या अंतराचं प्रमाण, ०.९९९६; म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम बाजूला ठेवला तरी १ किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी. एका खोलीत हे जाणवणारही नाही, पण ५ किलोमीटरच्या उन्नत मार्गात शेवटचा खांब २ मीटर सरकलेला दिसेल.

उंचीचा घोळ तर याहून मोठा. जीपीएसची कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली, साइटवरची आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे सर्व्हेतली उंची) समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे दोन्हींत ५० मीटरांहून जास्त अंतर पडतं.

शिवाय आयएफसीमधली (बीआयएमच्या खुल्या फॉरमॅटमधली) एक भरीव भिंत सिटीजीएमएलमध्ये (शहरांच्या थ्रीडी नकाशांच्या फॉरमॅटमध्ये) आतला आणि बाहेरचा अशा वेगळ्या पृष्ठभागांत मोडते. हे रूपांतर करताना माहिती गळते, ती तपासावीच लागते.

उपाय आहे. आयएफसी ४ मध्ये पूर्व-उत्तर निर्देशांक, उंची, फिरवण्याचा कोन आणि स्केल नोंदवायची सोय आहे. सर्व्हेअरच्या कंट्रोल पॉइंटवरून (जागा अचूक मोजून ठरवलेल्या खुणेवरून) ही नोंद डिझाइन सुरू होण्याआधीच भरून घ्या.