खोक्यावरचा आकडा आणि घरातल्या भिंती

वाय-फाय राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'एसी १२००', 'एएक्स १५००', 'एएक्स ३०००' असं काहीतरी छापलेलं असतं ('एसी' आणि 'एएक्स' ही वाय-फायच्या दोन पिढ्यांची नावं). दुकानात दोन राउटर शेजारी ठेवले की बहुतेक जण हाच आकडा पाहून निवड करतात. आकडा खोटा नसतो, पण तुमच्या मोबाइलला त्या वेगाचा अनुभव कधीच येत नाही. कारण ती एक बेरीज आहे. 'एसी १२००'मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या त्या टप्प्याचे, सेकंदाला ३०० मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ मेगाबिट मिळून ११६७ होतात आणि तेच गोल करून १२०० लिहिलेले असतात. घरात आज जे मोबाइल आणि लॅपटॉप असतात, त्यांतले जवळपास सगळे एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेले असतात. मग त्यांना त्या बेरजेचा काय उपयोग?

'एएक्स ३०००'ची फोड आणखी बोलकी आहे. त्यातले २४०२ मेगाबिट ५ गिगाहर्ट्झवर मिळतात, पण त्यासाठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला तेवढा रुंद हिस्सा लागतो. अनेक मोबाइल ८० मेगाहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. अशा मोबाइलची 'एएक्स ३०००' राउटरशी जोडणी जास्तीत जास्त १२०१ मेगाबिटची होते आणि 'एएक्स १५००'शीही तितकीच होते.

आता ते १२०१ तरी पूर्ण मिळतात का? नाही. त्यातले साधारण अर्धे ते दोन तृतीयांशच खऱ्या कामाला येतात, तेही राउटर त्याच खोलीत असेल तर. वाय-फायमध्ये साधारणपणे एका चॅनेलवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकतं. सभेत एकाच वेळी दोघं बोलू लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसंच इथे होतं. म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, हवा मोकळी वाटली तरी थोडा वेळ थांबतं, मग डेटाचा एक तुकडा पाठवतं आणि 'पोहोचला' अशी पोच मिळण्याची वाट बघतं. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. या थांबण्यात आणि पोच देण्यात बराच वेळ खर्ची पडतो. राउटर निवडताना खरं जपायचं असतं ते हवेतल्या वेळाला, कारण घरातली सगळी उपकरणं तोच वेळ वाटून घेत असतात. राउटरशेजारचा लॅपटॉप ४०० मेगाबिटने बोलतो आणि शेवटच्या खोलीतला जुना टॅबलेट २० मेगाबिटने. तेवढाच डेटा न्यायला टॅबलेट वीसपट वेळ हवा अडवतो आणि तोपर्यंत लॅपटॉप ताटकळतो. एका कोपऱ्यातलं दुबळं उपकरण सगळ्या घराचं वाय-फाय मंद करतं ते असं.

ही हवा सगळ्यांना खुली कशी झाली, याचा इतिहास छोटा आहे. १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हन आधीपासून वापरत होते. १९९७मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, तेव्हा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. घरात मोठी अडचण होती ती प्रतिध्वनीची. रेडिओ लहर भिंतींवर, कपाटांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी पोहोचते आणि उशिरा आलेली लहर पुढच्या संदेशात मिसळून त्याचा चिखल करते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर उपाय काढला. एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी डेटा अनेक शेजारशेजारच्या वारंवारितांवर वाटून प्रत्येकीवर सावकाश पाठवायचा. म्हणजे प्रतिध्वनी विरायला अवधी मिळतो. ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्टीफन हॉकिंग यांनी भाकीत केलेल्या, स्फोट होऊन नष्ट होणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत ते शोधत होते. ती कृष्णविवरं सापडली नाहीत, पण विस्कटलेला संकेत निवळून घेण्याचं त्या शोधातलं गणित घरातल्या वाय-फायला उपयोगी पडलं. मला हा विज्ञानाच्या वाटचालीतला फार सुंदर प्रसंग वाटतो.

पट्ट्यांकडे वळू. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची पाच ते सहा सेंटिमीटर. २.४ची लहर भिंतींतून तुलनेने बरी पार होते आणि लांब पोहोचते. पण तिथे गर्दी प्रचंड असते. ब्लूटूथ तिथेच, शेजाऱ्यांचे राउटर तिथेच. चॅनेलचे क्रमांक ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत आणि प्रत्येक चॅनेल किमान २० मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच उरतात: १, ६ आणि ११. गर्दी टाळायची म्हणून कुणी ३ किंवा ४ निवडतं तेव्हा उलटं नुकसान होतं. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, पण अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचं बोलणं नुसता गोंगाट ठरतो आणि दोन्ही बाजूंचं काम बिघडतं. म्हणून फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्टे असलेला राउटर हवाच.

मग वाय-फाय ५, ६ की ७? वाय-फाय ५ म्हणजे एसी हे मानक फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होतं, त्या राउटरांचा २.४चा भाग जुन्या २००९च्या मानकावरच चालतो. वाय-फाय ६ म्हणजे एएक्स दोन्ही पट्ट्यांसाठी आहे आणि त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनेलचे लहान लहान हिस्से वाटून देण्याची सोय आहे. गर्दीच्या घरात तिचा उपयोग होतो. पण खोक्यावर एएक्स लिहिलेलं असलं तरी 'एएक्स १५००' नावाच्या बऱ्याच मॉडेलांत २.४ गिगाहर्ट्झचा वेग ३०० दिलेला असतो, म्हणजे तो भाग जुनाच असतो. तिथे ५७४ दिसला तर दोन्ही पट्टे वाय-फाय ६चे आहेत असं समजावं. ही जोडी साधारण 'एएक्स १८००' या नावाने मिळते. लहान घरासाठी कमी खर्चात घ्यायचा तर मी इथेच थांबेन. वाय-फाय ७चं प्रमाणन जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं. त्याचा ३२० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालतो आणि तो वापरू शकणारी उपकरणं घरात नसतील तर त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक गोष्ट असते, तिच्याकडे मात्र आवर्जून पाहावं. ती म्हणजे केबल जोडायच्या पोर्टचा वेग. कित्येक स्वस्त राउटरांत, 'एसी १२००' लिहिलेल्यांतसुद्धा, हे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. इंटरनेटची जोडणी २०० मेगाबिटची असली तरी त्या पोर्टमधून जेमतेम ९५ आत येतात, मग पुढे हवेत काहीही वेग असो. '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' असा उल्लेख असेल तरच १००च्या वरच्या जोडणीसाठी तो राउटर कामाचा. जोडणीच ५० मेगाबिटची असेल तर साधा पोर्ट पुरेसा आहे, उगाच जास्त पैसे घालू नयेत. एका एचडी व्हिडिओला ५ मेगाबिटच्या आसपास लागतात, ४केला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला २ ते ४. चौघांच्या घरात हे सगळं एकदम चाललं तरी बेरीज क्वचितच ५०च्या फार पुढे जाते.

तरीही कॉल तुटतो, आवाज अडखळतो. कुणीतरी मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढवायला लावले की नेमकं हे होतं. इथे दोष बहुधा रांगेचा असतो. राउटर बाहेर जाणारा डेटा आपल्या स्मृतीत साठवून ठेवतो. ती साठवण मोठी असली की फोटोंचा ढीग पुढे उभा राहतो आणि कॉलचा चिमुकला तुकडा त्याच्या मागे अडकतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास ही समस्या लोकांपुढे आणली. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेत तुकडा किती वेळ थांबला हे पाहून ती आखूड ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. काही राउटरांत तिच्यावर आधारलेली सोय 'एसक्यूएम' या नावाने असते. घरून काम करणाऱ्यांना ती वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त दिलासा देते.

अँटेनांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. त्यांची संख्या मोजून राउटर घेऊ नये. प्रसारणाच्या शक्तीवर कायद्याची मर्यादा असते, ती चारऐवजी सहा अँटेना लावल्याने बदलत नाही. उभी अँटेना आडव्या दिशेने जास्त प्रसारण करते, म्हणून एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरचा मजला असेल तर एखादी आडवी करून पाहावी.

राउटर ठेवायचा कुठे, याने मात्र राउटर कोणता यापेक्षा जास्त फरक पडतो. राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो. मोबाइलमधल्या एखाद्या ॲपने संकेताची ताकद उणे ७० डीबीएम (संकेताच्या शक्तीचं एकक) दाखवली, तर त्याचा अर्थ निघालेल्या शक्तीचा शंभर कोटीवा भाग मोबाइलपर्यंत पोहोचतो आहे. एवढ्यावरही व्हिडिओ चालतो! उणे ६७च्या आसपास कॉल नीट होतात, उणे ८०च्या खाली तुटायला लागतात. दर १० डेसिबलला शक्ती दहापट घटते, म्हणून मधली एखादी लोखंडी सळ्यांची काँक्रीटची भिंत सगळा हिशेब फिरवू शकते. आरशामागे धातूचा पातळ थर असतो, तो लहर परतवतो. माशांच्या टाकीतलं पाणी लहर शोषतं. फ्रिज आणि लोखंडी कपाट तर पत्र्याचेच. हे सगळं टाळून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर असावा. केबल दारापाशी आत येते म्हणून राउटर कायम दारापाशीच राहावा असं नाही. लांब इथरनेट केबलला फारसा खर्च येत नाही आणि तिने राउटर हव्या त्या जागी नेता येतो.

आता सुरक्षा. स्वस्त राउटर घेणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते दिसत नाही, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. २०१७मध्ये डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा-पद्धतीत क्रॅक नावाची त्रुटी सापडली. तिची दुरुस्ती सॉफ्टवेअर अद्ययावत करूनच करता येत होती. ज्या कंपन्यांनी आपल्या जुन्या मॉडेलांसाठी अद्ययावत सॉफ्टवेअर दिलं नाही, त्यांची उपकरणं, काही राउटरांसह, तशीच उघडी राहिली. म्हणून कंपनी त्या मॉडेलला किती वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या देते, हे संकेतस्थळावर पाहूनच पैसे मोजावेत. डब्ल्यूपीए२नंतरचं डब्ल्यूपीए३ असावं. डब्ल्यूपीएस या झटपट जोडणीच्या सोयीचा पिन बंद ठेवावा. तो आठ अंकी असला तरी राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक बाकीच्यांवरून काढता येतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११मध्येच उघड झालं होतं.

ओपनडब्ल्यूआरटी हे २००४मध्ये सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर इथे मदतीला येतं. कंपनीने हात झटकल्यावरही ते कित्येक जुन्या राउटरांना अद्ययावत ठेवतं, वर एसक्यूएमही देतं. आपल्या पसंतीचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, तेही नेमक्या हार्डवेअर आवृत्तीसह, हे आधी तपासावं. एकाच नावाच्या राउटरच्या दोन आवृत्त्यांत चिप पूर्ण वेगळी असू शकते. १६ मेगाबाइट फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ मेगाबाइट रॅम (कामापुरती स्मृती) असेल तर हे सॉफ्टवेअर नीट चालतं.

खरेदीला निघण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करावी. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा, मग त्याच जागी वाय-फायवर मोजावा आणि शेवटी लांबच्या खोलीत. केबलवरही वेग कमी येत असेल तर दोष जोडणीचा किंवा त्या पोर्टचा. जवळ चांगला आणि लांब वाईट असेल तर नवा महागडा राउटर आणूनही भिंत जागची हलणार नाही, तिथे दुसरं प्रसारण-केंद्र लागेल. त्यासाठी बिनतारी रिपीटर घेणं सोपं वाटतं, पण साधा रिपीटर प्रत्येक तुकडा ऐकून पुन्हा त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट जातो आणि वेग निम्म्यावर येतो. केबल टाकणं शक्य असेल तर नव्या राउटरनंतर अडगळीत जाणारा जुना राउटरच त्या खोलीत लावावा. त्याला अजून दुरुस्त्या मिळत आहेत याची खात्री करावी, त्याचा मोड 'ॲक्सेस पॉइंट' (म्हणजे फक्त वाय-फाय पुरवणारा) करावा, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवावेत आणि चॅनेल मात्र वेगळा द्यावा. मुख्य राउटर १वर असेल तर हा ६ किंवा ११वर.