बॅरेट एम-८२

शत्रूची वाहने, रडार, धावपट्टीवर उभी असलेली विमाने यांसारखी युद्धसामग्री दुरून निकामी करण्यासाठी अमेरिकेत तयार झालेली अर्धस्वयंचलित (चाप ओढताच एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) रायफल. लष्करी परिभाषेत अशा शस्त्राला अँटी-मटेरियल रायफल म्हणतात. टेनेसी राज्यातील रॉनी बॅरेट या छायाचित्रकाराने शस्त्रनिर्मितीचे औपचारिक शिक्षण नसतानाही १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिचा आराखडा तयार केला.

हिची पूर्वज म्हणता येईल अशी १३.२ मिमी. व्यासाची माउझर रायफल जर्मनीने १९१८ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांविरुद्ध वापरली होती. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचे चिलखत जाड होत गेले आणि या प्रकारच्या रायफली मागे पडल्या. एम-८२ ने रणगाड्यांचा नाद सोडून कमी संरक्षित, पण तितकेच मोलाचे लक्ष्य हेरले, आणि यातच तिचे यश आहे.

ही रायफल ब्राउनिंग मशीनगनचे १२.७ × ९९ मिमी. काडतूस वापरते. त्याची ऊर्जा नेहमीच्या ७.६२ मिमी. काडतुसाच्या सुमारे पाचपट असल्याने खांद्यावर बसणारा धक्का ही खरी अडचण होती. तो कमी करण्यासाठी बॅरेट यांनी नळीच सरकती ठेवली. गोळी सुटताच नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट एकत्र थोडे मागे येतात, मग बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना मॅगझिनमधील (काडतुसांच्या पेटीतील) पुढचे काडतूस नळीत बसवतो. नळीच्या तोंडावरील मझल ब्रेक वायूचा झोत बाजूंना व मागे वळवतो. त्यामुळे धक्का आणखी सौम्य होतो, मात्र जमिनीवरची धूळ उडून नेमबाजाची जागा उघडी पडते. रायफलीचे वजन सुमारे १४ किग्रॅ., मॅगझिन १० गोळ्यांचे आणि परिणामकारक पल्ला सुमारे १,८०० मी. आहे.

स्वीडनच्या सैन्याने १९८९ मध्ये ही रायफल घेतली व १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन दलाने ती वापरली. न फुटलेले बाँब सुरक्षित अंतरावरून नष्ट करण्यासाठीही ती वापरतात. हा उपयोग फारसा चर्चेत नसला तरी महत्त्वाचा आहे.

सरकत्या नळीमुळे नेमकेपणा मात्र काहीसा कमी होतो. बॅरेट यांच्याच कंपनीच्या एम-९५ या रायफलीमध्ये नळी स्थिर असून बोल्ट हाताने ओढावा लागतो. भारतीय सेनेने २०१९ मध्ये नियंत्रण रेषेवरील नेमबाजांसाठी या एम-९५ रायफली घेतल्या.