समुद्रपुष्प म्हणजे उलटी जेलीफिश नव्हे

प्रात्यक्षिकाच्या वह्यांत दरवर्षी तेच वाक्य वाचावे लागते : जेलीफिश उलटी धरली की समुद्रपुष्प (सी ॲनिमोन) होते. दंशपेशी, दोन पेशीथर आणि त्यांमधला जेलीसारखा मेसोग्लिया दोघांतही असतो, एवढ्यापुरते ते चालेल. सुरी लावल्यावर मात्र ते घशापाशीच कोलमडते.

ऑरेलिया या जेलीफिशचे तोंड छत्रीखाली लोंबणाऱ्या मॅन्युब्रियमच्या टोकाशी असते. ती आखूड नळी शरीराबाहेर असून थेट चार कप्प्यांच्या जठरात उघडते. समुद्रपुष्पात बाहीचे टोक आत दुमडावे तसा तोंडाचा काठ आत वळून घसा तयार होतो, म्हणून त्याचे अस्तर बाह्यथराचे असते. शरीराच्या भिंतीपासून आत आलेल्या उभ्या पडद्यांना मेसेंटरी म्हणतात. पूर्ण मेसेंटरी घशाला चिकटतात, अपूर्ण अलीकडेच थांबतात. प्रौढ ऑरेलियात असे पडदे नसतातच.

खरी फसगत याच्या पुढे आहे. घसा तळापर्यंत जात नाही, त्यामुळे तो संपतो त्याखाली पूर्ण मेसेंटरींचीही आतली कड मोकळी असते आणि तिच्यावर नागमोडी तंतू दिसतो. खालचा छेद पाहून सगळ्याच मेसेंटरी अपूर्ण ठरवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून एक आडवा छेद घशातून आणि दुसरा त्याखालून घ्यावा, असा माझा आग्रह आहे : पहिल्यात मधल्या कड्याला चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे टेकलेले दिसतात, दुसऱ्यात मधोमध पोकळी असते. केवळ उभ्या छेदावर भागवणे मला मान्य नाही.

गोव्यातल्या हणजूणच्या खडकांतले समुद्रपुष्प ओहोटीला स्पर्श होताच मिटून गोळा होते, आणि फॉर्मॅलिनमध्ये तसेच टाकले तर कायमचे मिटलेलेच राहते. आधी पाण्यावर मेंथॉलचे खडे टाकून शुंडके (तोंडाभोवतीचे लवचीक धागे) प्रतिसाद देईनाशी होईपर्यंत थांबावे.

ऑरेलिया कापण्याची घाई करू नये. काळ्या कागदावरच्या पाणीभरल्या बशीत ठेवून ड्रॉपरने तोंडात रंग सोडला की जठरापासून निघणाऱ्या नलिका उमटतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची चार जननांगे तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मिरामारच्या वाळूवर सापडलेली जाड जेलीफिश ऱ्हायझोस्टोम गटातली असेल तर तिच्यात ऑरेलियाचे मधले तोंड शोधू नये. प्रौढपणी ते मिटलेले असते आणि मुखबाहूंवर असंख्य बारीक तोंडे असतात. हातमोजे दोन्ही प्राण्यांसाठी हवेत, कारण मेलेल्या प्राण्याच्या दंशपेशीही डंख मारू शकतात.