होमारे सावा : मैत्रिणींनी दिलेला मान

जानेवारी २०१२मध्ये जपानची होमारे सावा जगातली वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. आधीची सलग पाच वर्षं हा मान ब्राझीलच्या मार्ताकडे होता. मतदारांमध्ये पत्रकारांबरोबर देशोदेशीच्या संघांचे प्रशिक्षक होते आणि कर्णधारही, म्हणजे मैदानात सावाच्या समोर उभ्या राहिलेल्या खेळाडू. तिला २८.५१ टक्के मतं पडली, मार्ताला १७.२८. आदल्या वर्षी जपानने जिंकलेल्या विश्वचषकाचा त्यात मोठा वाटा होता, पण खेळाडूंच्या मनातलं तिचं स्थान बरंच जुनं आहे.

टोकियोजवळच्या फुचू इथे १९७८ साली जन्मलेली सावा पंधराव्या वर्षी जपानकडून पहिला सामना खेळली आणि फिलिपिन्सविरुद्ध तिने चार गोल केले. पुढचा काळ मात्र ओढाताणीचा होता. १९९९च्या विश्वचषकात जपान पहिल्याच फेरीत बाहेर पडला, त्यामुळे सिडनी ऑलिम्पिक हुकलं. मंदीमुळे कंपन्या देशातल्या महिला लीगमधून अंग काढून घेत होत्या. सावा अमेरिकेत गेली, अटलांटाकडून खेळली आणि २००४ला परतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोत उत्तर कोरियाशी सामना होता; हरलो तर अथेन्सही गेलं, अशी वेळ. गुडघा दुखावलेला असूनही सावा उतरली. जपानने ३-० असा विजय मिळवला. माझ्या मते सोबतच्या मुलींचा तिच्यावरचा विश्वास खरा घट्ट झाला तो इथे.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. त्या सामन्याआधी सावाने सहकाऱ्यांना सांगितलं, की अगदी जीव मेटाकुटीला आला की माझ्या पाठीकडे बघा. जपान ०-२ असा हरला, पण ते बोलणं संघात राहिलं. आया मियामासारख्या खेळाडूंनी पुढे त्याची आठवण वारंवार सांगितली.

तीन वर्षांनी फ्रँकफर्टमध्ये, त्सुनामीला जेमतेम चार महिने झालेले असताना, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिका २-१ अशी पुढे होती. तो दुसरा गोल अ‍ॅबी वॉम्बॅकचा, वॉशिंग्टनच्या क्लबमध्ये सावाची सहकारी राहिलेली. ११७व्या मिनिटाला मियामाने कॉर्नर मारला, सावा धावत पुढे आली आणि चेंडूला नुसता पाय लावून तिने तो जाळ्यात वळवला. पेनल्टींवर जपान जिंकला. स्पर्धेत सर्वाधिक, पाच गोल तिचेच, आणि सर्वोत्तम खेळाडूही तीच.

२०१५चा व्हँकुव्हरमधला अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशीच होता. तेव्हा कर्णधार मियामा होती. सावा ३६ वर्षांची, तिचा हा सहावा विश्वचषक, आणि ती राखीव खेळाडूंमध्ये बसलेली. अर्ध्या तासात जपान १-४ असा मागे पडला होता. ३३व्या मिनिटाला सावा मैदानात आली, तेव्हा मियामाने आपल्या दंडावरची कर्णधाराची पट्टी काढली आणि तिच्या दंडावर बांधली.