मत्स्यशेतीत मोजायचं काय?

गोठ्यातलं शेण फावड्यानं ओढता येतं. माशाचं तसं नाही. खाल्लेल्या प्रथिनांतला जो नत्र अंगी लागत नाही, त्यातला बराचसा मासा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. घाण तयार होते तीच विरघळलेली, आणि बाहेर पडताक्षणी ती मालकाची राहत नाही. ती ओढ्याची होते, खाडीची होते, शेजाऱ्याची होते. मत्स्यशेतीचं धोरण आखणं इतकं किचकट का, याचं अर्धं उत्तर या शरीरक्रियेत आहे.

प्रश्न लहानही राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये पाळलेल्या जलचरांचं जागतिक उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन होतं. पकडलेल्या मासळीला त्यानं पहिल्यांदाच मागे टाकलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्रातली पकड जवळपास एकाच आकड्याभोवती घुटमळते आहे. यापुढे ताटात वाढणारा मासा बहुतेक शेतातलाच असणार.

अशा उद्योगाला शिस्त लावायची म्हटल्यावर सरकारच्या हाताला पहिल्यांदा लागतं ते जे सहज मोजता येतं ते. डेन्मार्कनं १९८९ मध्ये गोड्या पाण्यातल्या ट्राउटपालनासाठी तेच केलं. प्रत्येक शेतीला वर्षाला किती खाद्य वापरता येईल, याची मर्यादा ठरवून दिली. खाद्य कमी, तर घाण कमी. वरवर पाहता सरळ हिशेब. त्यातून एक फायदा नक्की झाला. ठरलेल्या पोत्यांत जास्तीत जास्त मासा पिकवायचा म्हणून शेतकऱ्यांनी उत्तम खाद्य वापरायला सुरुवात केली आणि वाया जाणारं खाद्य घटलं. पण पुढे गाडी अडली. एखाद्यानं पदरचे पैसे घालून पाणी गाळलं, जिवाणूंच्या टाक्या बांधल्या, ओढ्यात अगदी स्वच्छ पाणी सोडलं, तरी त्याला मिळणारी पोती तेवढीच. मग गाळायचं कशासाठी?

उत्तर मिळालं ते नियमाचं माप बदलल्यावर. आधी ‘मॉडेल फार्म’ आले. जो पाणी फिरवून फिरवून वापरेल आणि साफ करेल, त्याला जास्त खाद्याची मुभा. इथली यंत्रणा साधी पण देखणी आहे. विष्ठेचे कण बारीक जाळीच्या फिरत्या पिंपात अडकतात. विरघळलेल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जुनी मातीची तळी बुजवली जात नाहीत. त्यांत पाणवनस्पती वाढू देतात, आणि तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात दुसरे जिवाणू नायट्रेटमधला नत्र वायुरूपात हवेत परत पाठवतात. पुढे २०१२ च्या सुमारास शेतकऱ्यांना खाद्याच्या कोट्याऐवजी थेट बाहेर सोडलेल्या नत्राचा कोटा घेण्याची वाट मोकळी झाली. आता पाणी साफ करणं हा निव्वळ खर्च उरला नाही, जास्त मासे वाढवण्याचा परवाना झाला.

यात एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. खाद्य हा मत्स्यशेतीतला सर्वांत मोठा खर्च, अनेकदा एकूण खर्चाच्या निम्मा. वाया गेलेली प्रत्येक मूठ शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. तिथे सरकारनं काठी उगारली नाही तरी सुधारणा होते. १९९० मध्ये नॉर्वेच्या सॅल्मनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल होते. आज ते प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास आलं आहे. रानातले लहान मासे महाग होत गेले, म्हणून सोयाबीन आणि वनस्पतीतेलं आली. (सोयाबीनमुळे जंगलतोडीचा प्रश्न सोबत आला, तो वेगळा.) धोरणाची खरी गरज पडते ती जिथे नुकसान शेजाऱ्याचं होतं तिथे.

रोगाचंच घ्या. १९८७ मध्ये नॉर्वेत सुमारे ५० हजार टन सॅल्मनसाठी ५० टनांच्या आसपास प्रतिजैविकं वापरली गेली. म्हणजे टनामागे जवळजवळ एक किलो. आज उत्पादन १५ लाख टनांच्या घरात आहे आणि प्रतिजैविकांचा वर्षाचा वापर एक टनाच्याही आत. ही किमया मुख्यतः लशींची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलात मिसळलेली लस आली आणि समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाला पोटात सुई टोचणं हा धंद्याचा नेहमीचा भाग झाला. लाखो माशांना एकेक करून टोचणं ही कल्पना ऐकायला विनोदी वाटते खरी! पण लस एकटी आली नाही. संशोधनाला सरकारी पैसा होता, पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळत नव्हतं, विकल्या गेलेल्या औषधाची नोंद होत होती. शिवाय एका पिढीचे मासे काढल्यावर समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांची जागा काही काळ पड ठेवायची, नव्या पिढीची जुनीशी गाठ पडू द्यायची नाही, अशी शिस्तही होती.

ती शिस्त नसली की काय होतं, ते चिलीत दिसलं. २००७ मध्ये तिथे सॅल्मनला रक्तक्षयाचा विषाणूजन्य रोग लागला. पिंजरे दाटीवाटीनं, प्रत्येक कंपनीचं वेळापत्रक निराळं, मासे इकडून तिकडे हलवण्यावर ढिलं नियंत्रण. अटलांटिक सॅल्मनचं उत्पादन २००८ मधल्या जवळपास चार लाख टनांवरून २०१० मध्ये सव्वा लाखाच्या आसपास कोसळलं. त्यानंतर कायदा बदलला. खाड्यांचे ‘शेजार’ पाडले आणि एका शेजारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी जागा रिकामी ठेवायची, असं ठरलं. विषाणू आवाक्यात आला. प्रतिजैविकं मात्र तिथे अजूनही वर्षाला तीनशे टनांहून जास्त लागतात, कारण तिथल्या मुख्य जिवाणूवर लस नीट चालत नाही. नियम कितीही चांगला असला तरी जीवशास्त्राची साथ नसेल, तर तो लंगडतो.

समुद्री उवांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. हे कवचधारी परजीवी माशाच्या कातडीवर जगतात. त्यांची पिल्लं प्रवाहाबरोबर दिवसच्या दिवस, कित्येक किलोमीटर वाहत जातात आणि समुद्राकडे निघालेल्या जंगली सॅल्मनच्या बोटभर पिल्लांना चिकटतात. म्हणून नॉर्वेनं २०१७ मध्ये किनाऱ्याचे १३ विभाग करून वाहतुकीच्या दिव्यांसारखी पद्धत आणली. उवांमुळे जंगली पिल्लांपैकी १० टक्क्यांहून कमी मरत असतील, तर विभाग हिरवा आणि उत्पादन ६ टक्के वाढवायला परवानगी. १० ते ३० टक्के मरत असतील तर पिवळा, आहे तिथेच थांबा. त्याहून जास्त असेल तर लाल, आणि ६ टक्के कपात. वाढीचा परवाना थेट निसर्गाच्या प्रकृतीशी बांधणारा असा नियम मला तरी दुसरा आठवत नाही.

तरीही त्यात दोन भेगा निघाल्या. पहिली न्यायाची. रंग विभागाचा ठरतो, शेताचा नाही. ज्यानं बंदिस्त टाक्यांवर पैसे ओतले आणि ज्यानं काहीच केलं नाही, मोजके अपवाद सोडले तर दोघांचंही उत्पादन सारखंच कापलं जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुसरी भेग मापाची. प्रत्येक शेतात एका माशामागे सरासरी अर्ध्या प्रौढ मादी उवेपेक्षा जास्त चालत नाही, आणि वसंतात ही मर्यादा ०.२ वर येते. औषधांना उवा दाद देईनाशा झाल्या, तेव्हा मासे नळ्यांतून ओढून काही सेकंद कोमट पाण्यात बुडवणं, ब्रश आणि पाण्याच्या झोतानं धुणं सुरू झालं. हाताळणीचा ताण माशांना सोसवत नाही. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत ६ कोटींहून जास्त सॅल्मन मेले. सगळे या धुण्यानं नव्हे, पण तो एक मोठा वाटेकरी. नियम उवा मोजत होता, म्हणून उवा कमी झाल्या. मेलेला मासा त्या मापात नव्हता. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं संसदेपुढे मांडलेल्या प्रस्तावात प्रत्येक शेताला स्वतःचा उवांचा कोटा देण्याची कल्पना आहे. म्हणजे डेन्मार्कच्या नत्राच्या वाटेनंच पाऊल.

आता स्पर्धेचं. नियमांमुळे धंदा महागतो ही तक्रार अर्धी खरी आहे. अर्ज, तपासण्या, नमुने, वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या यांचा खर्च शेत लहान असो की मोठं, जवळपास तेवढाच. त्यामुळे टनामागे लहान शेतकऱ्यावर बोजा जास्त पडतो. शेवटी तो विकून टाकतो आणि कंपन्या आणखी मोठ्या होतात. देशातली शेती आक्रसली तरी मासे खाणारे कमी होत नाहीत. मासा बाहेरून येतो, कित्येकदा अशा ठिकाणाहून जिथे खारफुटी तोडून तळी खोदलेली असतात. मग आपली खाडी स्वच्छ राहिली हे पर्यावरणाचं यश म्हणायचं की घाणीची निर्यात? माझ्या मते सरकारनं कडकपणा कमी करू नये, कागद कमी करावेत. एक खिडकी, ठरलेली मुदत आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याचं माप. आत काय यंत्रं लावायची, ते शेतकऱ्याला ठरवू द्यावं.

हाच हिशेब उलट्या बाजूनंही मांडता येतो. शिंपले आणि कालवं यांना खाद्य घालावं लागत नाही. ते पाणी गाळून शैवालं खातात, आणि ती शैवालं वाढलेली असतात शेतांतून, गटारांतून आलेल्या नत्रावर. काढणीबरोबर तो नत्र पाण्याबाहेर येतो. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या शुद्धीकरण कार्यक्रमानं २०१६ मध्ये काढलेल्या कालवांच्या मांसातला नत्र आणि स्फुरद प्रदूषण किती घटलं याच्या अधिकृत हिशेबात धरायला मंजुरी दिली. त्याच्या बरंच आधी स्वीडनमधल्या लिसेकिल गावानं सांडपाणी केंद्रात नत्र काढण्याची महाग यंत्रणा बसवण्याऐवजी शिंपल्यांच्या शेतकऱ्याला पैसे देऊन तेवढाच नत्र समुद्रातून काढून घेण्याचा प्रयोग केला होता. वर्षाला सुमारे साडेतीन हजार टन शिंपले काढायचे, असा अंदाज होता. जीवशास्त्र ठीक चाललं. अडलं ते धंद्यात. नत्राचे पैसे मिळाले तरी शिंपले विकावे लागतातच, आणि काही वर्षांत ती व्यवस्था बंद पडली.