पिंटो भुईमूग

(अराकिस पिंटोई, कुल – फॅबेसी). जमिनीलगत पसरून तिच्यावर दाट हिरवे आच्छादन धरणारी बहुवर्षायू वनस्पती. ही मूळची ब्राझीलची असून शेतातल्या भुईमुगाच्याच प्रजातीतली आहे. बाहिया राज्यात १९५४ मध्ये जेराल्दो पिंटो यांनी तिचे नमुने गोळा केले. पिंटोई हे नाव त्यांच्यावरूनच पडले, मात्र जातीचे शास्त्रीय वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर तिचा ‘अमरिलो’ हा वाण ऑस्ट्रेलियात १९८७ पासून लागवडीत होता.

खोड सरपटते आणि पेऱ्यापेऱ्यातून मुळे सोडते. पानाला चार दले असतात, फुले पिवळीधमक. फूल सुकल्यावर भुईमुगासारखीच आरी (खाली वाढणारा देठासारखा तंतू) सुटते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. शेंगेत बहुधा एकच लहान दाणा असतो. आऱ्या नाजूक असल्याने वेल उपटला की शेंगा मातीतच राहतात. बियाणे हवे तर माती चाळावी लागते. म्हणून बागेसाठी लागवड सहसा फाट्यांनीच (खोडाच्या तुकड्यांनी) करतात.

फाटे साधारण १५ ते २० सेंमी. लांबीचे घ्यावेत आणि दोन-तीन पेरी मातीत जातील असे सुमारे ३० सेंमी. अंतरावर लावावेत. पावसाळ्याचा आरंभ हा उत्तम काळ. ‘एकदा लावा आणि विसरा’ असे या वेलाबद्दल सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. पहिले काही महिने त्याची वाढ मंद असते आणि तेवढ्यात तण वरचढ होते. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी लागवडीआधीच खणून काढाव्यात. एकदा वेल पसरला की त्यातून त्या वेचणे अतिशय जिकिरीचे होते. जमीन पूर्ण झाकली गेली की मात्र खुरपणीचे काम फारच थोडे उरते. उंची २०-३० सेंमी.च्या आसपास राहते, त्यामुळे कापणी करायची ती आवडीप्रमाणे.

मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, म्हणून नत्रखताची गरज क्वचितच पडते. आम्लधर्मी जमीन, अर्धी सावली आणि भरपूर पाऊस हे सारे तिला मानवते, तेव्हा कोकण-गोव्यातल्या जांभ्या मातीच्या उतारांवर, नारळी-पोफळीखाली ती शोभेल. तिथला प्रश्न पावसाचा नाही, उन्हाळ्याचा आहे. तीन-चार महिन्यांची कोरड ती पाने गाळून सोसते. पण आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत जमीन वाळत जाते, म्हणून हिरवेपणा टिकवायचा तर अधूनमधून पाणी द्यावेच लागते.

मध्य अमेरिकेत कॉफी आणि केळीच्या बागांत तण रोखण्यासाठी व धूप थांबवण्यासाठी तिची लागवड होते. गुरे तिचा प्रथिनयुक्त पाला आवडीने खातात. कोवळ्या झाडाच्या बुंध्याभोवतीचे आळे मात्र मोकळे ठेवावे, नाहीतर पाण्यासाठी स्पर्धा होते. मातीतल्या दाण्यांवर उंदीरही येतात.

आच्छादनासाठी सर्रास लावला जाणारा वेडेलिया याहून झपाट्याने पसरतो, पण त्याची गणना जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींत झाली आहे. ओढ्याकाठी किंवा रानालगत लावायचे असेल तर तो टाळलेलाच बरा.